साईनेमच्या सातव्या दिवशी

सासूबाईंना पुरलं तेव्हा त्यांच्यासाठी माफी मागायला कोणी उभंच राहिलं नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली माणसं गाडीतून उतरली, त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी खड्ड्यात सोडली, माती लोटली, फवारा मारला आणि गाडीत बसून निघून गेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. जवळ यायचं नाही, म्हणून बजावलेलं होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातून बाहेर काढण्याआधी मुलगा अंगणात उभा राहतो आणि जमलेल्यांना म्हणतो, ‘माझ्या आईचं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. तिचं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर आता माझ्याकडे या.’ मग सारे एका आवाजात म्हणतात, ‘माफ केलं.’ बस, तेवढंच. पण तेवढं झाल्याशिवाय माणूस सुटत नाही, असं आम्ही मानतो. साऱ्या पूर्व जावात चोर असो की सरपंच, मेल्यावर हे एक वाक्य प्रत्येकाच्या वाट्याला येतं. माझ्या सासूच्या वाट्याला फवारा आला.

मुलगा होता त्यांना, एकुलता एक. माझा नवरा, हांडोको. पण तो तुरुंगात होता.

“सातव्या दिवशी तिच्या नावानं दुवा मागायला तहलील आहेच,” आमचे मोदिन जैनुरी म्हणाले. गावातलं जन्ममरणाचं सगळं तेच बघतात. “त्या वेळी म्हणू दे त्याला. फोनवरून म्हणाला तरी मला चालतं. आणि मला चालतं म्हणजे वरसुद्धा चालवून घेतील, इतकी वर्षं ओळख आहे.”

तेव्हापासून माझा जीव त्या एका वाक्यात अडकून राहिला.

हांडोको ट्रक चालवायचा. एकदा सागाचे ओंडके भरले, ते चोरीचे निघाले. ज्यांनी झाडं कापली ते पळाले, ज्यांनी लाकूड घेतलं त्यांच्या घरात त्याचे पलंग झाले, आणि ट्रक चालवणारा तेवढा आत गेला. गंमत म्हणजे त्याची आई पोलीस लाइनीच्या खानावळीत स्वयंपाकाला होती. हांडोको शाळेत जायचा तेव्हापासून होती. त्याची पाटी, त्याचे बूट, आमच्या लग्नातलं जेवण, सगळं त्याच चुलीवर शिजलेलं.

“माक, ज्यांनी तुमच्या पोराला धरलं त्यांनाच भात वाढता. हात कसा उचलतो तुमचा?” मी एकदा चिडून विचारलं होतं. सासूबाईंना मी माक म्हणायची, म्हणजे आई.

“डाव्या हातानं वाढत नाही, हे नशीब समज,” सासूबाई म्हणाल्या. “आणि त्यांनी धरलं नसतं तर पुढच्या वळणावर ट्रकच उलटला असता. तुझा नवरा गाडी कशी चालवतो ते मला नको सांगूस.”

दर मंगळवारी आम्ही दोघी डबा घेऊन तुरुंगात जायचो. भात, सोयाबीनचं तळलेलं टेंपे आणि सासूबाईंचं सेरुंदेंग. ओल्या खोबऱ्याचा कीस धणे-हळद लावून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा. घाई करणाऱ्याचं काम नाही ते, माझं तर नेहमी करपतं. सासूबाई भरपूर द्यायच्या, म्हणजे साऱ्या खोलीला पुरेल. खोलीत माणसं नुसती कोंबलेली होती, झोपायचं तर पाळी लावून. हांडोको जाळीपलीकडून पहिला प्रश्न एकच विचारायचा, “दिक, जेवलीस?” लग्नाच्या आधीपासून त्याची ही सवय, मला लाडानं दिक म्हणायचा, मी त्याला मास. तुरुंगात बसलेला माणूस बाहेरच्या बायकोला विचारतो, जेवलीस का. मी हसायची आणि घरी येऊन रडायची.

मग साथ आली. भेटी बंद झाल्या, डबे बंद झाले, तुरुंगातली मशीद बंद झाली. महिन्यातून एक-दोनदा चेहरा दिसेल असा फोन लावून देऊ लागले. तोही पाच मिनिटं, आणि मागे रांग.

पहिल्या फोनला तो ओळखू येईना, गाल इतके आत गेले होते.

“दिक, जेवलीस?”

“माझं राहू दे, मास. तुला काय झालंय?”

“ताप होता. आता उतरला. उस्ताद रिफ्कींनी वाचवलं. रात्रभर उशाशी बसून ओलं फडकं बदलत होते. आई, औषधसुद्धा त्यांनीच दिलं.”

सासूबाईंनी तिथल्या तिथे हात वर करून त्या उस्तादाला दुवा दिली. मीही दिली, खोटं कशाला बोलू? माझ्या नवऱ्याला ज्यानं पाणी पाजलं त्याचं नाव-गाव मी कशाला विचारत बसते? ‘आधी वेगळ्या ब्लॉकला होते, आता आमच्या खोलीत आहेत,’ एवढं हांडोको म्हणाला. ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

पुढच्या फोनला त्यानं मला ‘दिक’ म्हटलं नाही. ‘उख्ती’ म्हणाला, म्हणजे बहीण. मीही त्याला मास म्हणू नये, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मी उकडलेल्या भाज्या नि शेंगदाण्याच्या चटणीची, पेचेलची, गाडी लावते ती बंद करावी, परके पुरुष बघतात.

“पुरुष पेचेल खायला येतात,” मी म्हटलं. “माझं तोंड बघून भूक मरते, असं तूच सांगायचास ना?”

आधी असता तर खो खो हसला असता. तो हसला नाही. त्याच्या मागे एक उंच माणूस जंतुनाशकाची बाटली घेऊन रांगेतल्यांच्या हातावर थेंब टाकत होता. शांत चेहरा, स्वच्छ कपडे. तोच रिफ्की, हे मला नंतर कळलं.

सासूबाईंचं आईचं काळीज. पोरगा कसनुसा दिसतोय, खोलीत गर्दी आहे, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि मोठ्यानं, साऱ्या तुरुंगाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बाळा, काळजी करू नकोस. मी ठाण्याच्या मोठ्या साहेबांना सांगते. माझ्या हातचं खातात ते. माझा शब्द मोडायचे नाहीत. तुला चांगल्या खोलीत हलवतील बघ.”

आमच्याकडे कुणीही हेच म्हणालं असतं. दवाखान्यात खाट हवी असो की दाखल्यावर शिक्का, आधी आपल्या ओळखीच्या साहेबाचं नाव घ्यायचं, तेही मोठ्यानं. सासूबाईंनी आयुष्यात ते नाव स्वतःसाठी कधी वापरलं नव्हतं. पोरासाठी राखून ठेवलं होतं म्हणा.

मागचा उंच माणूस थेंब टाकायचा थांबला. हांडोकोचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई, गप्प बस,” तो म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला. अजून मिनिटं शिल्लक होती.

त्यानंतरच्या फोनला त्याची दाढी चांगली वाढली होती आणि बोलणं पाठ केल्यासारखं झालं होतं. पोलिसांची चूल हराम, तिचा पैसा हराम, आईनं ते काम त्याच दिवशी सोडावं.

“सोडते, बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “तू नीट खा.”

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारख्या कामावर गेल्या. मी दारात आडवी आले तर म्हणाल्या, “अर्धी लाइन आजारी आहे. त्या पोरांना पेज कोण देणार? तीही कुणाची तरी पोरंच की.” तिथूनच त्यांनी ताप आणला. दवाखान्यात नेलं, पुढचं आधीच सांगितलंय.

सासूबाई गेल्यावर चौथ्या दिवशी कुंपणापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. मास्क नाकाखाली, हातात प्लास्टिकची पिशवी. गर्दी कमी करायला तुरुंगानं किरकोळ गुन्ह्यांतली माणसं लवकर सोडली होती, त्यांतला तो. पाक कर्सो त्याचं नाव. हांडोकोच्या खोलीचा म्होरक्या.

“तुझ्या सासूचं खोबरं खूप खाल्लंय,” तो म्हणाला. “म्हणून आलो. आत येत नाही, कुणी शिंकलं तर माझ्यावर नाव यायचं.”

मी त्याला कुंपणावरून चहा दिला आणि सरळ विचारलं, “माझ्या नवऱ्याला काय केलंत तुम्ही लोकांनी?”

त्यानं चहा फुंकून एक घोट घेतला. मग सांगितलं. तुरुंगात एक ब्लॉक वेगळा होता, बॉम्बवाल्यांचा. त्यांना कुणाशी बोलू देत नसत. साथ आली आणि आजाऱ्यांना वेगळं ठेवायला जागा हवी झाली. मग तोच ब्लॉक रिकामा केला आणि त्यातली माणसं बाकीच्या खोल्यांत वाटून टाकली. आगीतून उचलून निखारे गवतात ठेवावेत, तसं.

“आमच्या वाट्याला रिफ्की आणि त्याचे दोघे आले,” कर्सो म्हणाला. “आणि पोरी, खरं ते सांगतो. गार्ड लोक दारातून काठीनं ताट आत ढकलायचे. डॉक्टर खिडकीतून विचारायचा, मेलं का कुणी? आमचं अंग पुसलं, घाण काढली, पाणी पाजलं ते त्या तिघांनी. तुमच्या डब्यांना बंदी, पण त्यांच्या लोकांकडून तुरुंगाला देणगी म्हणून खोकी यायची. साबण, खजूर, गोळ्या. ते सगळ्यांना वाटायचे. एक खजूरसुद्धा जास्त खाताना पाहिलं नाही मी त्यांना.”

“मग वाईट कुठं झालं?”

“तुझ्या सासूनं साहेबाचं नाव काढलं तिथं. रिफ्की त्याला एक वाकडा शब्द बोलला नाही. नुसतं बोलणंच थांबवलं. त्यानं थांबवलं म्हणून सगळ्यांनी थांबवलं. हांडोकोच्या ताटाशेजारी कुणी बसेना. नमाजाला त्याच्या खांद्याला खांदा कुणी लावेना. आमच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही, आणि त्याच्याभोवती मात्र हातभर जमीन मोकळी. तापातून उठलेला माणूस, बाहेरून ना डबा ना भेट. किती दिवस काढेल? एक दिवस तोच गेला, रिफ्कीचे हात धरले, म्हणाला, मी काय करू ते सांगा. रिफ्की म्हणाला, तुझी आई कुणाची चूल पेटवते ते आधी तू तोंडानं सांग. मग तू कुणाचा ते आपण ठरवू.”

माझं डोकं फिरलं. “आणि तुम्ही काय करत होता? म्होरके ना तुम्ही?”

“मी मोटारसायकली चोरायचो, पोरी,” कर्सो म्हणाला. “तो आयत म्हणायचा आणि मी खोकायचो. पूर्वी बाहेरून मौलवी यायचे, त्यांच्यापुढे याची मात्रा चालली नसती. तेही बंद. बोलणारा एकटाच उरला, मग त्याचंच खरं.”

“पण आईच्या माफीचं तरी म्हणेल ना तो? एकच वाक्य आहे.”

“आई आहे,” कर्सो म्हणाला. “म्हणेल.” पण हे बोलताना तो माझ्याकडे नाही, स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

तुरुंगाच्या साहेबांनी परवानगी दिली, पण फोन दुपारचाच मिळेल म्हणाले. म्हणून सातव्या दिवसाचं तहलील आम्ही दुपारच्या नमाजानंतर अंगणात ठेवलं. मोजकीच माणसं, लांब लांब चटया टाकून. पोलीस लाइनीतले दोन शिपाई आले होते, साध्या कपड्यात, सगळ्यांत मागे बसले. पाक कर्सोही आला. मी पहाटेपासून खोबरं परतत होते. त्या दिवशी ते करपलं नाही. प्रत्येकाला न्यायचे डबे भरले आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या हजर नसलेल्या माणसाचा एक डबा बाजूला ठेवला.

मोदिनांनी पठण सुरू केलं. सारे डोलत डोलत म्हणू लागले. किती दिवसांनी माणसांचा आवाज असा एकत्र ऐकला मी! भाताच्या पातेल्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला, तेव्हा मोदिनांनी हातानंच सगळ्यांना थांबवलं.

आधी गार्डचा चेहरा आला. “बाई, खास परवानगी काढलीय. लवकर आटपा हं.” मग हांडोको आला. अंगावर सैल पांढरा सदरा. त्याच्या मागे भिंतीपाशी रिफ्की उभा होता, खांद्याला फवारणीचा पंप लावून.

“मास,” मी म्हटलं. त्यानं नको म्हटलेलं असूनही म्हटलं. “माक गेली त्याला आज सात दिवस झाले. सगळे जमलेत. पुरताना कुणीच काही म्हणालं नाही. तुझं एक वाक्य हवंय फक्त.”

तो फोनच्या जरा जवळ आला. ओठ हलले.

“जेवलीस?” तो म्हणाला.

देवा शपथ, माझ्या काळजानं उडी मारली. आहे, माझा माणूस आत आहे अजून! “नाही रे,” मी म्हटलं. “तुझ्यासाठी थांबलेय. हे बघ, सेरुंदेंग केलंय, अगदी माकसारखं. तुझा डबा वेगळा ठेवलाय.” मी डबा उघडून फोनसमोर धरला. त्याचा घसा वरखाली झालेला मला स्पष्ट दिसला.

मागे रिफ्की खाकरला. नुसतं खाकरला, आणखी काही नाही.

हांडोकोनं मान खाली घातली. वर केली तेव्हा डोळ्यांत कुणीच नव्हतं.

“उख्ती, या लोकांना घरी पाठव,” तो म्हणाला. “तुम्ही करताय हे दीनमध्ये, आपल्या धर्मात नाही. ती बाई जुलमी लोकांची चूल पेटवत मेली. तिच्यासाठी दुवा मागायची मला परवानगी नाही. माझा तिचा संबंध नाही.”

ती बाई. ज्या बाईनं ह्याच्या तोंडात पहिला घास घातला, ती बाई.

“पोरा,” मोदिन जैनुरी हळूच म्हणाले, “दुवा आम्ही मागतो. तू नुसतं ‘माझ्या आईला माफ करा’ एवढं म्हण. शेजाऱ्यांकडे माफी मागायला कुणाची परवानगी लागते?”

“तुम्हीही त्यांच्यातलेच,” हांडोको म्हणाला.

कर्सोला राहवलं नाही. तो चटईवरून उठून फोनपाशी आला. “अरे ए हांडोको! साऱ्या खोलीनं तिच्या हातचं खाल्लं. पहिली मूठ तू मला द्यायचास. खाल्ल्या मिठाला तरी जाग!”

“मी त्या घासांची तौबा केलीय,” हांडोको म्हणाला.

मागचे दोन शिपाई चटईची काडी उपसत बसले होते. त्यांतला एक रडत होता. सासूबाईंनी त्याला त्याच्या तापात पेज पाजली होती, हे त्यानं मला आल्या आल्या सांगितलं होतं. मोदिन माझ्याकडे बघत होते, आता काय करायचं म्हणून. आणि मला सासूबाई दिसत होत्या, त्या प्लास्टिकमध्ये, अडकून पडलेल्या.

मी उठले. हे बायकांचं काम नाही, आमच्याकडे बाई हे कधी म्हणत नाही. पण मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली.

“माझ्या सासूबाई, साईनेम,” मी म्हटलं. “त्यांचं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. त्यांचं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर माझ्याकडे या.”

“माफ केलं,” सारे म्हणाले. शेजारची म्हातारी रत्मी डोळे पुसत म्हणाली, “माझी कढई नेली होती तिनं, ती पण माफ.” कुणीतरी रडता रडता हसलं.

आता मी खाली बसायला हवं होतं. मी बसले नाही. फोन चालूच होता. तो तिथूनच बघत होता, आणि त्याच्या खांद्यामागून तो दुसराही.

“आणि माझा नवरा हांडोको,” मी म्हटलं, “साईनेमचा मुलगा. ट्रक चालवायचा. वळणावर वेग कमी करायचा नाही. घरात पाऊल टाकलं की आधी विचारायचा, जेवलीस का. त्याचं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. त्याचं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर माझ्याकडे या.”

जित्या माणसासाठी हे म्हणत नाहीत. रत्मीनं तोंडावर हात धरला. मोदिनांनी एकदा फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तशीच ठाम उभी राहिले. तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, आणि बाकीच्यांनीही एकेक करून मिटले.

फोनमधल्या माणसानं झटक्यानं मान वर केली.

“दिक,” तो म्हणाला, “दिक, मी अजून...”

पण तोवर साऱ्यांनी एका आवाजात म्हटलं होतं, “माफ केलं.”